काच कवडशांसाठी निवडावी

जुन्या कात्रज घाटाचा चढ संपतो तिथे बोगदा लागतो. सायकलवर तो पार करायला मिनिटभरही लागत नाही. पण सकाळी नवाच्या उन्हातून, डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल ठेवून आत शिरलं की पहिले काही क्षण रस्ता दिसतच नाही. समोर बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाचा पांढरा गोळा तेवढा असतो, आणि चाकाखाली काय आहे ते हँडलला हिसका बसल्यावर कळतं. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सात मीटर. डोळे सावरायला तीन सेकंद लागले तरी २१ मीटर रस्ता न बघता मागे पडलेला असतो.

गॉगल घ्यायला दुकानात गेल्यावर मात्र नेमकी उलटी परीक्षा होते. माणूस दुकानाच्या दारात येतो, बाहेरच्या रखरखीत उन्हाकडे बघतो, आणि ज्या काचेतून सर्वांत गार वाटतं ती पसंत करतो. मला यात मोठा धोका वाटतो. सायकलची काच दिवसातल्या सर्वांत प्रखर उन्हासाठी निवडू नये, त्या रपेटीतल्या सर्वांत काळोख्या टप्प्यासाठी निवडावी. मग तो बोगदा असो, वडाच्या झाडांखालचा रस्ता असो नाहीतर जुलैतला ताम्हिणी घाट.

यामागे साधा हिशेब आहे. उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारी उघड्या रस्त्यावर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशी तो दहा हजारांवर येतो, दाट पावसाळी ढगांखाली हजार-दोन हजारांवर, आणि त्यातच वर झाडांचं छत असेल तर काहीशे लक्सच उरतात. घरातल्या ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स असतात. आता १२ टक्के उजेड सोडणारी गडद काच घ्या. भर उन्हात तिच्यातून बारा हजार लक्स मिळतात, म्हणजे काहीच अडचण नाही. पण पावसाळी घाटात झाडाखाली दोनशे लक्स असतील तर डोळ्यांपर्यंत चोवीस पोचतात, रस्त्यावरच्या दिव्याखाली असतो तेवढा उजेड. याउलट ३० टक्के सोडणारी काच भर उन्हात जरा उजळ वाटते, थोडे डोळे बारीक करावे लागतात, पण झाडाखाली तिच्यातून अडीचपट जास्त दिसतं. एका बाजूला किंचित गैरसोय, दुसऱ्या बाजूला न दिसलेला खड्डा.

काचेतून शेकडा किती उजेड आत येतो त्या आकड्याला व्हीएलटी म्हणतात. सायकलचा गॉगल घेताना मी तरी आधी हाच आकडा शोधेन, रंग नंतर. चांगल्या कंपन्या तो खोक्यावर छापतात. ओकलीच्या प्रिझम रोड काचेचा २० टक्के आहे, त्यांच्याच लो लाइट काचेचा ७५. आकडा छापलेला नसेल तर काडीच्या आतल्या बाजूला कॅटेगरीचा अंक बारीक अक्षरांत असतो. कॅटेगरी ० म्हणजे ८० टक्क्यांच्या वर, १ म्हणजे ४३ ते ८०, २ म्हणजे १८ ते ४३, ३ म्हणजे ८ ते १८, आणि ४ म्हणजे ३ ते ८. यातली ४ नंबरची काच बर्फासाठी असते आणि रस्त्यावर गाडी चालवायला ती चालत नाही, हे गॉगलच्या आंतरराष्ट्रीय मानकातच लिहिलेलं आहे. ७५ टक्क्यांपेक्षा कमी उजेड सोडणारी काच तिन्हीसांजेला किंवा रात्री चालवताना वापरू नये, हेही त्याच मानकात आहे. बाजारातले बहुतेक ‘स्पोर्ट्स’ गॉगल ३ नंबरचे असतात. पण तीन म्हटलं तरी ९ टक्क्यांची काच आणि १७ टक्क्यांची काच यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे, म्हणून नुसत्या कॅटेगरीवर थांबू नये.

आकडा कुठेच मिळाला नाही तर घरी मोजता येतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेन्सरवरून लक्स मोजणारं एखादं मोफत ॲप घ्या. फोनचा उजेड मोजणारा सेन्सर स्क्रीनच्या वरच्या कडेला, पुढच्या कॅमेऱ्याच्या आसपास असतो; बोट फिरवलं की आकडा जिथे पडतो तिथे तो आहे असं समजायचं. ढगाळ दिवशी किंवा ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही तिथे फोन टेबलावर आडवा ठेवायचा आणि आकडा स्थिर होऊ द्यायचा. समजा ४,००० आला. आता काच सेन्सरवर अगदी टेकवून धरायची, हाताची सावली पडू द्यायची नाही आणि कडेनं उजेड आत शिरू द्यायचा नाही. आकडा ७२० झाला तर काच १८ टक्क्यांची. दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतील, पण ‘मध्यम गडद’ आणि ‘थोडा लाइट’ असल्या दुकानी शब्दांपेक्षा हे कितीतरी बरं. घरातले सगळे गॉगल असे एकदा मोजून पाहण्यासारखे आहेत. बाहेरून आरशासारख्या चमकणाऱ्या काचा मोजल्यावर किती काळोख्या निघतात ते बघून आश्चर्य वाटतं.

गडदपणाचा आणि अतिनील किरणांचा संबंध नाही, ही गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. अतिनील किरण अडवण्याचं काम काचेचं द्रव्य आणि त्यातले शोषक करतात, रंग नव्हे. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची अगदी पारदर्शक काचही हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. उलट अतिनील न अडवणारी गडद काच सर्वांत वाईट, कारण काळोखात बाहुली मोठी होते आणि ते किरण जास्तच आत जातात. वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पांढऱ्या भागाकडून बुबुळावर चढत येणारं मांस आपण पाहिलेलं असतं. त्यात उन्हाचा वाटा मोठा असतो, मोतीबिंदूतही असतो. गॉगलवर ‘यूव्ही ४००’ (यूव्ही म्हणजे अतिनील) लिहिलेलं असावं. खात्री करायची असेल तर ऊन लागलं की काळा होणारा नंबरचा चष्मा कुणाकडून तरी घ्यायचा, त्याच्या काचेच्या अर्ध्या भागावर आपला गॉगल धरून मिनिटभर उन्हात ठेवायचा. झाकलेला भाग जवळपास पांढराच राहिला तर गॉगल किरण अडवतोय. तोही काळा पडला तर तो गॉगल सायकलवर नको, आणि एरवीही नको.

आता कवडसे. महाराष्ट्रातल्या सायकलवाल्याला सर्वांत जास्त त्रास कवडशांचा होतो, असं माझं ठाम मत आहे. झाडांच्या बोगद्यातून जाणारा रस्ता, सकाळचं तिरपं ऊन, डांबरावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची चादर. या चादरीत खड्डा, गतिरोधक, रस्त्यावर पसरलेली बारीक खडी, सगळं विरघळून जातं. डोळा एका ठिपक्याच्या उजेडाशी जुळवून घेतो तोवर दुसरा येतो. बाहुली दोन मिलिमीटरपासून सात-आठ मिलिमीटरपर्यंत मोठी होते, म्हणजे उजेड आत घेण्याची तिची ताकद जेमतेम बारा ते सोळा पटीनं वाढते. बाकीचं काम डोळ्याच्या पडद्याला करावं लागतं आणि पडदा सावकाश काम करतो. उजेडातून अंधारात जाताना पहिली सवय होते काही सेकंदांत, पण पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. अंधारातून उजेडात येताना तो फार लवकर सावरतो. पुन्हा तेच: चूक करायचीच तर उजळ काचेच्या बाजूनं करावी.

कवडशांत रंग कामाला येतो, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. खड्डा आपल्याला दिसतो तो मुख्यतः त्याच्या काठाच्या सावलीमुळे. उघड्या रस्त्यावरच्या सावलीत सूर्याचा थेट उजेड नसतो, पण आकाशाचा असतो, आणि आकाश निळं असतं. म्हणजे प्रत्येक सावली निळसर असते. तपकिरी, तांबूस किंवा गुलाबी काच निळा उजेड कापते, त्यामुळे सावली आजूबाजूच्या उन्हापेक्षा आणखी गडद होते आणि खड्ड्याचा काठ उठून दिसतो. शिवाय निळा उजेड डोळ्यात नेमका पडद्यावर एकवटत नाही, किंचित अलीकडेच एकवटतो. तो कमी झाला की कडा रेखीव वाटतात. राखाडी काच सगळे रंग सारखेच कमी करते. डोळ्यांना ती शांत वाटते, रंग खरे दिसतात, सोलापूर रोडसारख्या सरळ, उघड्या हमरस्त्यावर दिवसभर चालवायला उत्तम. पण खड्डे शोधण्यात ती तपकिरीच्या मागे राहते. निळ्या आणि जांभळ्या काचा सायकलसाठी मला पटत नाहीत. ज्यांना लाल-हिरव्या रंगांचा भेद नीट कळत नाही त्यांनी गर्द रंगाची कुठलीही काच घेण्याआधी सिग्नलचे तिन्ही दिवे तिच्यातून ओळखता येतात का ते चौकात उभं राहून बघावं.

मात्र या युक्तीची एक बाजू विसरली जाते. जी काच सावली गडद करते, ती झाडाखालचा सगळा रस्ताही गडद करते. म्हणून कवडशांसाठी तपकिरी किंवा गुलाबी घ्यायची, पण १२ टक्क्यांची नाही. २५ ते ३५ टक्क्यांच्या मधली. एकच काच घ्यायची ऐपत असेल आणि पुण्याच्या आसपासचे घाट हेच मैदान असेल, तर हीच काच. पसरणी घाटाच्या चढावर दुपारी ती थोडी कमी पडेल. तिथे वेग ताशी आठ-दहा किलोमीटर असतो, डोळे बारीक करून चालतं.

मग ऊन-सावलीनुसार आपोआप बदलणाऱ्या, म्हणजे फोटोक्रोमिक काचा घेतल्या की प्रश्न मिटला का? मोठा भाग मिटतो, पण त्या विकताना जे सांगितलं जात नाही ते आधी माहीत हवं. या काचांतले रेणू अतिनील किरण लागले की आकार बदलतात आणि उजेड शोषू लागतात. काळं व्हायला अर्धं मिनिट पुरतं. परत पांढरं व्हायला काही मिनिटं लागतात, आणि पुरती निवळायला त्याहून जास्त. म्हणजे बोगद्यासाठी ती निरुपयोगी. ती निवळेपर्यंत आपण बोगद्यातून बाहेर पडून पुढच्या उतारावर असतो. कवडशांतही ती ठिपक्या-ठिपक्याला बदलत नाही, मधल्याच एका गडदपणावर थांबते. तिचं खरं काम सावकाश बदलणाऱ्या उजेडाचं आहे: पहाटे साडेपाचला निघून दहाला परत येणं, ढग येणं-जाणं, संध्याकाळ होणं. त्या कामात तिला तोड नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. उष्णता या रेणूंना परत पांढरं व्हायला मदत करते, त्यामुळे हवा जितकी गरम तितकी काच कमी काळी होते. खोक्यावरचा आकडा साधारण २३ अंश तापमानाला मोजलेला असतो. मे महिन्यात बारामती किंवा सोलापूरकडे ४० अंशांत तीच काच तेवढी गडद होणारच नाही. काच खराब निघाली असं समजून दुकानदाराशी भांडू नये. उलट मनाली-लेहच्या थंडीत ती पुण्यात कधी झाली नसेल इतकी काळी होते, आणि निवळायलाही जास्त वेळ घेते. गाडीत बसून ती काळी होत नाही, कारण पुढची काच अतिनील अडवते. आणि दोन-तीन वर्षांच्या रोजच्या वापरानंतर तिचा पल्ला आखडतो: पूर्ण काळी होत नाही, पूर्ण पांढरीही होत नाही, किंचित पिवळट राहते. घेताना दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १५ ते ७५. बहुतेक लोक १५ बघतात. बघायचा तो ७५. उजळ टोक ७५ च्या खाली असेल तर पहाटे आणि तिन्हीसांजेला ती काच उपयोगी पडणार नाही.

पावसाळ्याचं शास्त्र निराळंच आहे. इथे पहिला नकार पोलराइज्ड काचेला. आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारी चमक ती कापते. बोटीवर, मासे धरायला, कारमध्ये ती छान. सायकलवर मात्र ओल्या रस्त्याची चमक हीच माहिती असते. बसथांब्यापाशी सांडलेलं डिझेल, पांढऱ्या पट्ट्यावरचं पाणी, कॉंक्रीटवरचं शेवाळ, लोखंडी झाकण, हे सगळं चमकेवरूनच लांबून ओळखू येतं. ती चमकच पुसून टाकणारी काच घालून ओल्या वळणात शिरणं धोक्याचं आहे. शिवाय हँडलवर वेग-अंतर दाखवणाऱ्या काही सायकल कॉम्प्युटरांचे पडदे ठराविक कोनातून पोलराइज्ड काचेतून काळे दिसतात. घेण्याआधी आपला कॉम्प्युटर सोबत नेऊन, आडवा-उभा फिरवून बघावा.

पावसात काच पारदर्शक किंवा फिकट पिवळी, ७० ते ९० टक्क्यांची. पिवळी काच उजेड वाढवत नाही, कुठलीच काच वाढवत नाही. निळा भाग कापून ती ढगाळ हवेत कडा ठसठशीत करते, आणि मनाला उगाच उजाडल्यासारखं वाटतं. धुक्यात ती फार चमत्कार करत नाही. धुक्याचे थेंब सगळेच रंग सारखे विखुरतात, तिथे दिवा चालू ठेवणं आणि वेग कमी करणं हाच उपाय.

काचेवरचे थेंब हा दुसरा त्रास. पाणी न धरणारा लेप असलेल्या काचेवरून थेंब पळतात, पण वेग असेल तरच. चढावर ताशी आठ किलोमीटरला ते तिथेच बसून राहतात. हेल्मेटखाली चोच असलेली कापडी सायकल टोपी घातली तर निम्मे थेंब काचेपर्यंत येतच नाहीत; ही स्वस्तातली टोपी महागड्या लेपापेक्षा जास्त काम करते. आणि आतून धरणारी वाफ: चढावर अंग तापलेलं, हवेत दमटपणा, वारा नाही, की काच आतून पांढरी होते. वारा लागला की जाते, सिग्नलला थांबलं की परत येते. त्यावर सर्वांत साधा इलाज म्हणजे गॉगल नाकावरून एखादा सेंटिमीटर खाली सरकवणं. वरून हवा खेळते. भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब आतल्या बाजूला चोळून मऊ कापडानं दिसेनासा होईपर्यंत पुसला तर तास-दोन तास वाफ धरत नाही. पण मुसळधार पावसात तो साबण वाहून डोळ्यात जातो आणि भयंकर झोंबतो, म्हणून हा उपाय कोरड्या, दमट दिवसांपुरता. उतारावर मात्र गॉगल काढायचा नाही, काहीही झालं तरी. पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला गाळ ताशी चाळीसच्या वेगात उघड्या डोळ्यात गेला तर काय होईल, ते सांगायला नको.

सोलापूर रोडचा उल्लेख आला म्हणून तिरप्या उन्हाबद्दल. हा रस्ता पुण्यातून हडपसर, लोणी, यवत असा पूर्व-आग्नेयेकडे जातो. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, म्हणजे सकाळी साडेसातला तो जवळजवळ रस्त्याच्या टोकाला, डोळ्यांसमोर असतो. मे-जूनमध्ये तो वायव्येकडे मावळतो, म्हणजे संध्याकाळी परत येताना पुन्हा डोळ्यांसमोर. या उन्हावर गडद काचेचा उपाय करू नये. सूर्य थेट डोळ्यात असताना ९ टक्क्यांची काचही त्याची तिरीप थांबवत नाही, उलट सावलीतला रस्ता मात्र पुरता घालवते. पुन्हा तीच कापडी टोपी: चोच खाली ओढून, मान किंचित झुकवून सूर्य चोचीमागे लपवायचा आणि काच मधलीच ठेवायची. काच स्वच्छ असणं इथे फार महत्त्वाचं, कारण तिरप्या उन्हात बोटाचा एक ठसासुद्धा अख्खी काच दुधाळ करतो. आणि या वेळी जे आपल्याला दिसत नाही तेच मागून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही दिसत नाही, त्याच्या समोरच्या काचेवर तर धूळही असते. त्या अर्ध्या तासात मागचा लाल दिवा भर दिवसाही चालू हवा, किंवा चहाला थांबावं.

रात्रीसाठी पारदर्शक काच आणि फक्त पारदर्शक काच. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल रपेटी, त्यांत हा प्रश्न टळत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. सकाळी सहाला सुटलेल्या ३०० ची मुदत रात्री दोनला संपते. ‘रात्री गॉगल कशाला’ म्हणून काढून ठेवणारे दिव्याकडे झेपावणारी चिलटं विसरतात, आणि नोव्हेंबर ते मार्च साखरपट्ट्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागून उडणारं पाचट विसरतात. या ट्रॉल्यांना कित्येकदा मागे दिवाही नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. अशा काळ्या ढिगाऱ्यामागे येऊन पोचताना दहा टक्के उजेडसुद्धा गमावणं परवडत नाही. ‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या काचांनी समोरच्या हेडलाइटचा त्रास कमी झाल्यासारखा वाटतो, पण २०१९ मध्ये ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’त आलेल्या अभ्यासात ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर या काचांमुळे रात्री पादचारी लवकर दिसल्याचं आढळलं नाही. रात्री पिवळी काच नको.

वय वाढलेल्यांनी वरचे सगळे आकडे एक पायरी उजळ धरावेत. वयाबरोबर बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, आणि साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानानं साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. पंचविशीतल्या गटमित्राला जी काच ‘परफेक्ट’ वाटते ती त्याच्या वडिलांच्या डोळ्यांवर बोगदा करते. नंबरवाल्यांसाठी आत बसणारी छोटी नंबरची फ्रेम मिळते. ती स्वस्त पडते आणि बाहेरची काच बदलता येते, पण वाफ तिच्यावर जास्त धरते आणि पापण्या घासतात. वळणदार काचेतच नंबर घालायचा तर तो चष्मेवाल्यानं वळणाप्रमाणे सुधारून घालावा लागतो, नाहीतर कडेनं बघताना जमीन तिरकी वाटते. मोठ्या नंबराला हे जमत नाही. तिथे डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालणं आणि वरून साधा गॉगल हेच बरं.

घेताना दुकानात दोन मिनिटांची तपासणी पुरते. गॉगल हातभर लांब धरायचा आणि त्यातून दरवाज्याची उभी चौकट बघत तो सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवायचा. काचेच्या मधल्या भागात चौकट लाटेसारखी वाकली तर परत ठेवायचा; तीन तास असली काच घातली की डोकं दुखतं. मग डोळ्यांवर घालून पापण्या फडफडवायच्या. काचेला लागल्या तर घामाचे आणि सनस्क्रीनचे डाग कायमचे. मान खाली घालून, हँडलवर वाकल्यासारखं करून समोर बघायचं. फ्रेमची वरची कड दृष्टीच्या आड येत असेल तर ती फ्रेम धावणाऱ्यांसाठी ठीक, आपल्याला नको. हेल्मेट सोबत न्यायचंच. काड्या हेल्मेटच्या मागच्या पकडीवर आपटतात का ते डोक्यावर चढवल्याशिवाय कळत नाही. काड्या पट्ट्यांच्या बाहेरून ठेवायच्या. आणि खऱ्या काचेचा गॉगल सायकलवर कधीच नाही; पॉलिकार्बोनेट वाकतं, काच फुटून डोळ्यात जाते.

पॉलिकार्बोनेट मजबूत असलं तरी मऊ आहे, वरचा कडक लेपच त्याला ओरखड्यांपासून वाचवतो. रस्त्याची धूळ त्या लेपाहून कठीण असते. म्हणून जर्सीच्या टोकानं कोरडीच काच पुसणं म्हणजे बारीक सँडपेपर फिरवणं. आधी बाटलीतलं पाणी ओतायचं, धूळ वाहून जाऊ द्यायची, मग पुसायचं. बाटलीत इलेक्ट्रॉल असेल तर साध्या पाण्याची दुसरी बाटली. घरी आल्यावर नळाखाली धरून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, बोटांनी हलकेच, आणि मायक्रोफायबरनं टिपणं. सॅनिटायझर, कॉलिन, टूथपेस्ट यांपैकी काहीच नको. टूथपेस्टनं ओरखडे जात नाहीत, लेप जातो. डासांसाठी अंगाला लावायच्या काही मलमांत डीईईटी असतं, ते प्लॅस्टिक विरघळवतं; ते लावलेल्या बोटांनी काचेला हात लावू नये. आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर गॉगल ठेवू नये. तिथल्या उष्णतेत लेप सुटतो, फोटोक्रोमिक काच लवकर म्हातारी होते.

संध्याकाळी गडद काच काढून पारदर्शक बसवण्याची वेळ मात्र घड्याळावर ठरत नाही. सूर्य मावळला तरी आकाश उजळ असतं, आणि आकाशाकडे बघणाऱ्या डोळ्याला वाटतं अजून पुष्कळ दिसतंय. पण त्याच वेळी तांबडं फिकं पडू लागतं. कमी उजेडात डोळा निळ्या-हिरव्याकडे झुकतो, आणि तपकिरी काच नेमकं तेच निळं कापत असते. पुढच्या सायकलवाल्याच्या जर्सीचा लाल रंग मातकट वाटायला लागला, किंवा पन्नास पावलांवरच्या मैलाच्या दगडावरचा आकडा डोळे ताणल्याशिवाय वाचता येईना, की थांबायचं. पारदर्शक काच मऊ पिशवीत, जर्सीच्या मधल्या खिशात, किल्ल्यांपासून लांब ठेवलेली असावी. काच नाकाच्या बाजूनं धरून काढायची, कडेनं धरून बसवायची, मधोमध बोट लावायचं नाही. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी थांबल्यावर, चहा यायच्या आत हे होऊन जातं. उतार सुरू झाल्यावर मग थांबणं जमत नाही.